कोकणातला पूर नुसत्या पावसाने येत नाही: नद्या, खाड्या, दरडी आणि पुळणी

खाडीकाठ (धागाकर्ती)

पाऊस लागला की प्रत्येक व्हॉट्सअॅप गटावर एकच चौकशी सुरू होते: आज किती मिलिमीटर? खेडला किती, महाडला किती, चिपळूणला किती? मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे लोक हा आकडा बघतात याचा मला आनंदच आहे. पण खाडीकाठच्या गावाला हा एकटा आकडा पुरत नाही. घाटमाथ्यावर रात्रभरात किती पडला आणि आज तिथी कोणती, हेही सोबत बघावं लागतं. त्यासाठी हा धागा. ज्याला जे माहीत असेल त्याने भर घाला.

सुरुवात महाबळेश्वरापासून करते. क्षेत्र महाबळेश्वरला पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातली कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किमी वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उतरते आणि शंभरेक किमीतच बाणकोटच्या खाडीतून समुद्रात जाते. दोघींची सुरुवात साधारण एकाच उंचीवर, समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास. कृष्णेला ती उंची उतरायला चार राज्यं मिळाली, सावित्रीला चार-पाच तालुके. त्यातही तिचा बहुतेक उतार पोलादपूरच्या अलीकडेच संपून जातो. महाडला पोचेपर्यंत नदीकडे उतार असा उरतच नाही. एके काळी दासगाव-महाडपर्यंत गलबतं येत ती याचमुळे. भरतीचं पाणी तिथवर चढतं.

आता चित्र असं होतं: डोंगरावर पडलेलं पाणी काही तासांत खाली येतं. महाडपाशी गांधारी आणि काळ या नद्याही सावित्रीत येऊन मिळतात. पुढे जायला वाट एकच, खाडीची, आणि त्याच वाटेने समोरून भरती येत असते. ओहोटी असेल तर पाणी निघून जातं. उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येजवळची मोठी भरती असेल तर ते थांबतं, आणि मागून येणारं थांबत नाही.

जुलै २०२१ आठवा. २२ तारखेला महाड आणि चिपळूण दोन्ही पाण्याखाली गेली. २२-२३ जुलैला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पावसाची नोंद झाली. पंचांग उघडून बघा, २२ तारखेच्या सकाळी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. पौर्णिमा तोंडावर, म्हणजे उधाण चढत होतं.

गोवळकोटवाला

ताई, चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे, म्हणून लिहितो. २०२१ ला पाणी आधी नदीकडून आलंच नाही, ते गटारातून आलं. शिवनदी गावातून वाहत जाऊन वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठी चढली की शिवनदीला तोंड राहत नाही, मग ती उलटी गावात शिरते. पहाटे दुकानासमोरच्या गटारावरची फरशी पाण्याच्या दाबाने हलताना मी बघितली, तेव्हा रस्ता अजून कोरडा होता. त्यानंतर पाणी असं वाढलं की खालचा माल माळ्यावर टाकला, आणि दुपारपर्यंत माळाही गेला. नंतर उरला तो गाळ. शेतातल्या चिखलासारखा तो नसतो, अगदी मऊ आणि तेलकट, शटरच्या पट्ट्यांमध्ये जाऊन बसतो आणि वाळला की दगड होतो.

वाशिष्ठीबद्दल बाहेरच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते. ही नदी एकट्या कोकणच्या पावसावर चालत नाही. कोयना मुळात पूर्ववाहिनी, कराडला कृष्णेला मिळणारी. तिच्या धरणाच्या शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरवून वीज करतात आणि कोळकेवाडीमार्गे ते वाशिष्ठीत सोडतात. कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असं पश्चिमेला वळवायला मुभा दिलेली आहे. म्हणून आजूबाजूच्या नद्या मे महिन्यात कोरड्या पडतात तरी आमच्या वाशिष्ठीला पाणी असतं. पावसाळ्यात मात्र धरणातून किती आणि कधी सोडणार हे खालच्या माणसाला वेळेत कळलंच पाहिजे. माझी एवढी एकच मागणी आहे आणि ती मी मांडत राहणार.

पुरानंतर नदीतला गाळ काढला, मधली बेटं काढली. त्याचा उपयोग झाला हे मी छातीठोकपणे सांगतो. आता पाणी भरलं तरी उतरतं लवकर.

खाडीकाठ

दादा, तुमच्या फरशीच्या निरीक्षणाबद्दल मनापासून आभार. हे वर्गात सांगणार आहे.

गाळाबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. गावाच्या वर आणि गावात गाळ काढणं गरजेचंच आहे, नदीचं पात्र मोकळं हवं. पण चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या खाली दाभोळपर्यंत चाळीसेक किमी खाडीच आहे. तिथला तळ आधीच समुद्राच्या पातळीला किंवा त्याच्या खाली. तिथे कितीही खणलं तरी उतार निर्माण होत नाही, उलट भरतीला आत शिरायला जागा वाढते आणि खारं पाणी आणखी वर येऊ शकतं. गाळ कुठून येतो तेही बघायला हवं. डोंगरउतारावरची झाडं गेली, रस्त्यासाठी कापलेली माती उघडी पडली, की ती पुढच्या पावसात नदीत येतेच.

गोवळकोटवाला

वरची झाडं हा मुद्दा मान्य. पण जो पाण्यात उभा राहिलाय त्याला झाडं मोठी होईपर्यंत थांबा असं सांगता येत नाही. दोन्ही कामं एकदमच व्हायला हवीत.

देशावरचा

मी सोलापूरकडचा, नोकरीनिमित्त रत्नागिरीला आहे. एक मूलभूत प्रश्न. गोदावरी-कृष्णेला समुद्राला मिळताना मोठा त्रिभुज प्रदेश आहे. कोकणातल्या एकाही नदीला नाही. पाऊस इथे कितीतरी जास्त, मग गाळ जातो कुठे?

खाडीकाठ

प्रश्न फार चांगला. कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

आजचा किनारा हा कायमचा किनारा नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभर पाणी बर्फात अडकलेलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. कोकणचा किनारा तेव्हा पश्चिमेला बराच दूर होता आणि आपल्या नद्या तिथवर दऱ्या कोरत जात होत्या. बर्फ वितळलं, समुद्र वर आला आणि त्या दऱ्यांची खालची टोकं बुडाली. त्या बुडालेल्या दऱ्या म्हणजे आपल्या खाड्या: धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. नदीने आणलेला गाळ आधी त्या खोल दरीतच बसतो. नद्या आखूड, पाणलोट लहान, त्यामुळे गोदावरीच्या मानाने एकूण गाळही थोडा. जो मुखापर्यंत पोचतो तो भरती-ओहोटी आणि पावसाळी लाटा टिकू देत नाहीत. किनाऱ्याला समांतर वाहून नेतात आणि जिथे आडोसा मिळेल तिथे टाकतात.

हर्णैबंदर

तिथीचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचा हिशोब सांगतो. आमच्या घरात सगळे दर्यावर्दी, पंचांग भिंतीला असतंच.

तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायला लागायचं. दिवसा एक भरती, रात्री साधारण त्याच सुमाराला दुसरी, मध्ये सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. मुंबईकडे थोडा उशीर होतो. खाडीत जेवढं आत जाल तेवढा आणखी उशीर, कारण पाण्याला तिथवर चढायला वेळ लागतो. हा अंदाज आहे, बोट काढताना छापील कोष्टकच बघायचं. पण घरबसल्या कळायला पुरतो.

म्हणजे ताईंनी सांगितलेल्या त्रयोदशीला पावणेदहाची भरती झाली, आणि चिपळूणला ती आणखी उशिरा पोचणार. ऐन सकाळी.

उधाण आणि भांग यांत फरक मोठा. पौर्णिमा-अमावस्येला चंद्र-सूर्य एका ओळीत ओढतात म्हणून पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ते एकमेकांना काटकोनात असतात, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, तो भांग. सगळा किनारा सारखा नसतो हेही ध्यानात ठेवा. मुंबईला मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर भरतीची नोंद असते. दक्षिणेला मालवणकडे जाल तसा हा चढउतार बराच कमी होतो, आणि उत्तरेला खंभातच्या आखाताकडे वाढत जातो.

चक्रीवादळाच्या वेळी हीच वेळ जीव वाचवते किंवा घेते. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला दुपारी किनाऱ्याला लागलं. ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, सकाळची भरती होऊन गेली होती, पाणी उतरत होतं. वाऱ्याने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, सुरूची बनं मोडली, कौलं-पत्रे उडाले, पिढ्यान् पिढ्यांचं उत्पन्न गेलं. तेच वादळ त्या दिवशी भरतीच्या तोंडावर आलं असतं तर वाऱ्याने ढकललेलं समुद्राचं पाणी भरतीवर चढून वाड्यांत शिरलं असतं. वादळाची बातमी येते तेव्हा किती किमी वेगाने वारा हे सगळे विचारतात. आम्ही आधी विचारतो, भरती कधी?

पोलादपुरी

पुराबरोबर दरडीचं बोलायलाच हवं. आमच्या भागात पाण्याने जेवढी माणसं नेली त्याहून जास्त डोंगराने नेली.

२५-२६ जुलै २००५ ला महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळिये, ऐंशीहून जास्त माणसं. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यातही दरडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. तारखा बघा, सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या. जूनचा पाऊस माती भिजवतो, जुलैच्या मध्यापर्यंत डोंगर पाणी पिऊन जड झालेला असतो, आणि मग एखाद्या दिवशी ढगफुटीसारखा पाऊस येतो तेव्हा तो सुटतो.

सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल, चिकण मातीचा पातळ पट्टा असतो. वरचा खडक भेगाळलेला, पाणी आत जातं, त्या लाल पट्ट्यावर येऊन अडतं. वर कुजलेल्या खडकाची जाड माती असेल आणि पायथा रस्त्यासाठी किंवा घरासाठी उभा कापलेला असेल, तर तिला धरून ठेवणारं काही उरत नाही.

खुणा आधी दिसतात, त्या मी मुद्दाम लिहितो:

अंगणाला किंवा घरामागच्या बांधाला नवी भेग पडणं आणि ती रोज रुंदावणं. नितळ झरा अचानक गढूळ होणं, किंवा भर पावसात बंद पडणं. बंद पडला तर जास्त भीती, कारण पाणी आत साठतंय. जिथे कधी पाणी नव्हतं तिथून फुटणं. विजेचा खांब, झाडं, कुंपण एका बाजूला कलणं. दारं-खिडक्या अचानक अडकायला लागणं. यातलं काहीही दिसलं तर रात्र तिथे काढायची नाही. गुरं सोडायची, म्हाताऱ्यांना उचलायचं आणि निघायचं. बाजूच्या वहाळाच्या (ओढ्याच्या) काठानेही पळायचं नाही, दरडीचा चिखल वहाळाच्याच वाटेने येतो.

चिरेखाण

पोलादपुरींनी काळ्या खडकाचं सांगितलं. आमच्या रत्नागिरी-राजापूरकडे वर सडा आहे, म्हणजे जांभ्याच्या कातळाचं सपाट पठार. माझा धंदाच चिरे काढण्याचा, त्यामुळे आतून काय असतं ते रोज बघतो. वरचं कातळ कडक, काळपट. त्याखाली चिरा निघतो तो लाल-पिवळा, भोकाभोकांचा. आणखी खाली गेलं की चिरा मऊ पडायला लागतो, हाताने कुसकरतो, आणि मग पांढरट-जांभळट चिकणमाती लागते. तिथे खाण थांबते.

जांभा म्हणजे चाळणी. पाऊस तीन हजार मिमीच्या वर पडो, तो आत जातो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि सड्याच्या कडेला झरे होऊन बाहेर पडतो. आमच्या वाड्या सगळ्या सड्याच्या खालच्या अंगाला वसल्या त्या या झऱ्यांच्या भरवशावर. दिवाळीपर्यंत झरे जोरात. मार्च आला की बारीक. एप्रिल-मेमध्ये एवढ्या पावसाच्या मुलखात टँकर येतो. लोक विचारतात, कोकणात पाणीटंचाई कशी? अशी. पाणी पडतं भरपूर, राहत नाही.

त्याच चिकणमातीमुळे सड्याच्या कडा ढासळतात. वर कातळ भक्कम दिसतं म्हणून अगदी कड्यावर बंगले बांधतायत, खालची माती निसटली की वरचा कातळ तुटून येतो. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, बारसू, देवीहसोळ, उक्षी, बघायला जाल तेव्हा सड्याची कड कशी तुटलीय तेही बघा.

देवबागची माहेरवाशीण

सगळे नदी-डोंगराचंच बोलतायत, आमच्या वाळूचं कोणी तरी बोला! आमच्या मालवणजवळच्या देवबागात एका बाजूक दर्या आणि दुसऱ्या बाजूक कर्लीची खाडी, मधे चिंचोळी वाळूची पट्टी आणि तिच्यावर आख्खो गाव. खाडीच्या मुखाजवळ वाळूचं बेटही आहे, पर्यटक त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. पट्टीचं टोक कधी वाढतं, कधी तुटतं. लहानपणी जिथे आम्ही खेळायचो तिथे आता पाणी आहे, आणि जिथे पाणी होतं तिथे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा.

आता सगळीकडे धूपप्रतिबंधक बंधारे घालतायत. भावाचं घर बंधाऱ्यामागे आहे, त्याला बरं वाटतं. पण बंधाऱ्यापुढची पुळण मात्र गेली. हे असं का होतं?

खाडीकाठ

ताई, हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, म्हणून थोडं लांब लिहिते.

पुळण स्थिर नसते. जून ते सप्टेंबर उंच, एकामागोमाग येणाऱ्या लाटा पुळणीची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेतात. तिथे तिचा बांध तयार होतो, आणि मोठ्या लाटा त्या बांधावरच फुटून कमजोर होतात. दिवाळीनंतर लाटा शांत झाल्या की तीच वाळू हळूहळू परत येते. ऑगस्टमध्ये गुहागरची पुळण बघून "समुद्राने किनारा खाल्ला" असं वाटतं आणि फेब्रुवारीत ती पुन्हा रुंद झालेली असते. त्यामागची वाळूची टेकाडं, त्यावरची केतकी आणि वेली, ही वाळूची शिल्लक. एखाद्या वर्षी समुद्राने जास्त घेतली तर तिथून भरपाई होते.

दगडी बंधारा या येण्याजाण्याच्या मध्ये उभा राहतो. मागची शिल्लक तुटते. लाट उताराच्या वाळूवर पसरून जिरायच्या ऐवजी दगडावर आपटून परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. बंधारा जिथे संपतो त्याच्या पुढच्या घराला तर दुप्पट त्रास, म्हणून मग तेही बंधारा मागतं. तुमच्या भावाचं घर वाचायला हवं याबद्दल दुमत नाही. जिथे वस्ती अगदी लाटेवर आहे तिथे बंधाऱ्याशिवाय आज इलाज दिसत नाही. पण जिथे अजून जागा आहे तिथे पुळण, टेकाड, केतकी आणि खाडीच्या बाजूला कांदळवन यांना हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

वाळूचंच बघायचं तर रत्नागिरीजवळ भाट्ये, काळबादेवी इथे काळी वाळू आहे, त्यात इल्मेनाइट हे जड, काळं खनिज. ते काळ्या खडकातून सुटून आलेलं. मालवण-वेंगुर्ल्याकडे वाळू पांढुरकी, कारण सिंधुदुर्गात बेसॉल्टच्या (लाव्हाच्या काळ्या खडकाच्या) आधीचे, गारगोटी असलेले जुने खडक उघडे पडलेत. हातात चिमूटभर वाळू घेतली तरी मागे कुठला डोंगर आहे ते कळतं.

हेदवीकर

खडकाळ किनाऱ्याची एक जागा सांगतो. हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे. काळ्या खडकात सरळ चिरलेली अरुंद घळ. खडकात आधीच भेग होती, लाटांनी तीच कोरत नेली. भरतीला लाट आत शिरते, पुढे जागा कमी होत जाते, आत कोंडलेली हवा दाबली जाते आणि पाणी मोठा आवाज करून कारंज्यासारखं उडतं. ओहोटीला गेलात तर काहीच दिसणार नाही. हर्णैबंदरांचा हिशोब करून भरतीच्या तासभर आधी पोचा, आणि कडेपासून लांब उभे राहा. खडक शेवाळाने निसरडा असतो, तिथे जीव गेलेले आहेत.

देशावरचा

भूकंप आणि त्सुनामीचं काय? की कोकणाला त्याची भीती नाही?

पोलादपुरी

भीती बाळगू नका, विसरूही नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतो. केंद्र घाटापलीकडे, पण पोफळी-चिपळूणपर्यंत घरं हलली. त्सुनामी म्हणाल तर २८ नोव्हेंबर १९४५ ला आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. जोराचा धक्का जाणवला किंवा ओहोटीची वेळ नसताना समुद्र एकदम मागे हटला तर बघत उभं राहायचं नाही, उंचावर जायचं.

नवीन_घर

वाचून डोळे उघडले. आम्ही दापोली तालुक्यात खाडीजवळ जागा बघतोय, एजंट "नदीकिनारी, डोंगर मागे" म्हणून जास्त भाव सांगतोय. काय तपासू?

गोवळकोटवाला

पावसाळ्यात जा. फेब्रुवारीत कुठलीही जागा सुंदरच दिसते. शेजारच्या जुन्या घराचं जोतं किती उंच आहे ते बघा आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की २००५ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. पूररेषेचा नकाशा असेल तर तो मागा. निळी रेषा (साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) कुठे, लाल रेषा (शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची) कुठे.

हर्णैबंदर

उधाणाच्या दिवशी भरतीच्या वेळेला जा. खाडीचं पाणी कुठपर्यंत चढतं ते स्वतः बघा. तिवरं (कांदळवनातली झाडं) जिथवर आहेत तिथवर खारं पाणी येतंच. जागेत तिवरं तोडून भराव केलेला असेल तर माघारी फिरा. विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखून बघा, मचूळ लागलं तर उपसा वाढल्यावर आणखी खारं होणार.

पोलादपुरी

मागचा डोंगर कापून सपाटी केली आहे का बघा. कापलेल्या भिंतीतून पाणी झिरपत असेल, किंवा वरच्या अंगाला झाडं वाकडी वाढलेली असतील, तर भाव कितीही पाडला तरी नको. वहाळाच्या तोंडाशी पसरलेला सपाट गोट्यांचा भाग असेल तर तोही नको, ते गोटे वरूनच आलेत आणि पुन्हा येतील.

खाडीकाठ

या तिघांनी सांगितलं त्यात एकच भर. सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा जिल्हा प्रशासनाकडे बघायला मिळतो, भरतीरेषेपासून जागा किती अंतरावर आहे ते त्यावर तपासा. एजंटच्या मोबाइलमधल्या नकाशावर विसंबू नका. जायच्या आधी पंचांग बघून अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचा जुलैचा दिवस निवडा. बघून आलात की इथे लिहा, फोटोही टाका, मुलांना दाखवायला मला हवेत.

नवीन_घर

आषाढी अमावस्येला जातोय. एजंटला अजून सांगितलेलं नाही. सव्वाअकराला खाडीकाठी उभे असू.

हर्णैबंदर

खाडीत आत असाल तर बारापर्यंत थांबा. आणि पाणी उतरायला लागलं की मुलांना मुखाजवळ पाण्यात उतरू देऊ नका. तेव्हा ओढ सगळ्यात जास्त असते.